कल्याणच्या बंदरापासून बर्लिनच्या भिंतीपर्यंत : जगाच्या इतिहासाच्या उजळणीतले गैरसमज

बारावीच्या इतिहासात युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, दोन महायुद्धे, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध एकापाठोपाठ येतात. पुढे स्पर्धा परीक्षांची वाट धरणाऱ्यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच आणि रशियन राज्यक्रांती हेही पक्के करावे लागते. उजळणी करताना हा सगळा मजकूर एका वहीत आणि पेशवाई, रेल्वे, स्वातंत्र्यलढा दुसऱ्या वहीत राहतो. ‘चुकीची जोडी दुरुस्त करून लिहा’ या प्रश्नात गुण जातात ते बहुधा या दोन वह्यांच्या मधल्या जागेत. डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला दोन्ही वह्या एकत्र शिवणे तुलनेने सोपे आहे. लोकलने एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडचे ठाणे. जगाच्या इतिहासातले बरेच धागे या दोन स्थानकांमधून गेलेले आहेत.

‘शोध लावला’ म्हणजे काय

‘वास्को-द-गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य अजूनही उत्तरपत्रिकांत सापडते. 20 मे 1498 रोजी तो कालिकतजवळच्या किनाऱ्याला लागला, आणि त्याच्या नावावर जमा आहे ते युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून भारतात येणारा सलग सागरी मार्ग सापडणे. भारत हरवलेला कधी नव्हता. त्याच्या सुमारे 1400 वर्षे आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा ‘कॅलिएना’ असा उल्लेख आहे. तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही त्यात आहे. दख्खनच्या सत्तांमधल्या चढाओढीचा तो परिणाम होता. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी भेटतात. जे बंदर रोमन साम्राज्याच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते, त्याचा ‘शोध’ पंधराव्या शतकात लागणे शक्य नाही.

कोलंबसाबद्दलचा गोंधळ दुहेरी आहे. पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करायला तो निघाला, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाली. पंधराव्या शतकातल्या शिकलेल्या युरोपीय माणसाला पृथ्वी गोल असल्याचे माहीत होते. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनीसने तिचा परीघ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मोजून ठेवला होता. कोलंबसाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा अंतराचा होता, आणि त्यात चूक कोलंबसाचीच होती: त्याने पृथ्वी प्रत्यक्षाहून बरीच लहान धरली. 12 ऑक्टोबर 1492 रोजी तो बहामा बेटांपैकी एकावर उतरला. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवर त्याने कधीच पाऊल ठेवले नाही. त्याच्या सुमारे 500 वर्षे आधी नॉर्स दर्यावर्दी कॅनडातल्या न्यू फाउंडलंडपर्यंत पोहोचले होते, आणि त्यांच्याही हजारो वर्षे आधीपासून त्या खंडांवर माणसे राहत होती.

चहा, 4 जुलै आणि ठाण्याचा किल्ला

बोस्टनच्या बंदरात 16 डिसेंबर 1773 रोजी चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली, तो चहा भारतातला होता. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, हे खरे. पण तो चीनमधून आलेला होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोहोचला तो 1830 च्या दशकाच्या अखेरीस. दुसरी चूक, चहा महाग झाला म्हणून वसाहती चिडल्या. 1773 च्या कायद्याने कंपनीचा चहा उलट स्वस्त झाला होता. मात्र त्यावरचा जुना कर तसाच ठेवला होता, आणि ज्या संसदेत आपला प्रतिनिधी नाही तिने कर बसवावा, हे वसाहतींना मान्य नव्हते. स्वस्त चहा विकत घेणे म्हणजे त्या कराला मान्यता देणे. शिवाय कंपनी थेट विक्री करू लागल्यावर स्थानिक व्यापारी आणि चहाची चोरटी आयात करणारे दोघांच्याही पोटावर पाय येत होता. ‘कारणे द्या’ या प्रश्नात हे दोन्ही मुद्दे हवेत.

‘4 जुलै 1776 रोजी अमेरिका स्वतंत्र झाली’ हे विधान सणापुरते ठीक, उत्तरपत्रिकेत अपुरे आहे. वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले 2 जुलैला. 4 जुलैला जाहीरनाम्याचा मसुदा संमत झाला. बहुतेक सह्या 2 ऑगस्टला झाल्या. युद्ध चालूच राहिले. ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले ते 3 सप्टेंबर 1783 च्या पॅरिसच्या तहाने. संविधान त्यानंतरचे, 1787 चे, आणि जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाला 1789 मध्ये. जाहीरनामा आणि संविधान ही एकाच कागदाची दोन नावे आहेत अशा समजुतीतून थॉमस जेफरसनला ‘संविधानाचा शिल्पकार’ ठरवले जाते. जाहीरनाम्याचा मुख्य लेखक तो होता, पण संविधान तयार होत होते तेव्हा तो राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होता.

याच वर्षांत ठाण्यात काय चालले होते, ते शेजारी लिहून ठेवले की सनावळी आपोआप बसते. 1774 च्या डिसेंबरअखेर, म्हणजे बोस्टनच्या प्रकारानंतर वर्षभराने, मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला जिंकला आणि साष्टी बेट ताब्यात घेतले. (आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे ठाणेकरांनाही तो किल्ला आहे याचा विसर पडतो.) 1775 मध्ये रघुनाथरावाने सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. ते संपवणारा सालबाईचा तह 17 मे 1782 चा, आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध 1775 ते 1783 चे. दोन्ही युद्धे जवळजवळ बरोबरीने चालली, आणि दोन्हींत इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती होती. 1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात दाखल झाला आणि नाना फडणवीसांनी त्याचे स्वागत केले, तेव्हा कलकत्ता आणि मुंबईची झोप उडाली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने अमेरिकेशी मैत्रीचा तह केला.

या दोन रणभूमींना जोडणारा माणूस लॉर्ड कॉर्नवॉलिस. 19 ऑक्टोबर 1781 रोजी यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने शरणागती पत्करली. तिथे त्याची कारकीर्द संपली, असे अमेरिकेच्या इतिहासापुरते वाचणाऱ्याला वाटते. 1786 मध्ये तो बंगालचा गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि 1793 मध्ये तिथे त्याने कायमधारा पद्धत लागू केली. अमेरिकेचा कॉर्नवॉलिस आणि कायमधाऱ्याचा कॉर्नवॉलिस हे दोन वेगळे गृहस्थ नव्हेत.

कापूस, रेल्वे आणि गुलामगिरी

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी ‘भारतातील पहिली रेल्वे’ म्हणून पाठ केली जाते. अचूक शब्द ‘पहिली प्रवासी रेल्वे’. दगड, माती वाहणारे लोहमार्ग मद्रासजवळ 1830 च्या दशकात आणि रुडकीला 1851 मध्ये चाललेले होते. 34 किलोमीटरचा हा मार्ग 1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत वाढला. डोंबिवलीच्या शिवारातून पहिली आगगाडी गेली ती तेव्हा.

‘अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्रजांनी इथे रेल्वे आणली’ हा निष्कर्ष ऐकायला पटतो, पण तारखा तो मान्य करत नाहीत. यादवी युद्ध एप्रिल 1861 ते 1865 चे, रेल्वे त्याआधीची. संबंध आहे, तो असा: लँकेशायरच्या गिरण्या बहुतांश अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, गुलामांच्या श्रमातून पिकलेल्या कापसावर चालत. 1846 मध्ये अमेरिकेत पीक बुडाले तेव्हाच भारतातल्या कापसापर्यंत पोहोचणाऱ्या रेल्वेची मागणी ब्रिटनमध्ये जोर धरू लागली. युद्ध सुरू होऊन उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट चढून गाड्या वर गेल्या, आणि घाटांकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा फुटत होत्या त्या कल्याणला. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरचा सट्टा, समुद्र हटवण्याच्या कंपन्या, सटोडिये प्रेमचंद रायचंदांचे नाव सगळ्यांच्या तोंडी. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. त्या तेजीतल्या पैशाची खूण आजही उभी आहे: राजाबाई टॉवर, प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून बांधलेला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय याच तेजीच्या काळातले, 1864 चे.

‘लिंकनने 1 जानेवारी 1863 रोजी सर्व गुलामांना मुक्त केले’ हेही अर्धेच खरे आहे. मुक्तीची ती घोषणा फक्त बंड केलेल्या राज्यांपुरती होती. केंटकी, मेरीलँड यांसारखी संघराज्यात राहिलेली गुलामधारक राज्ये तिच्याबाहेर होती. देशभर गुलामगिरी संपवली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर 1865 मध्ये. मात्र या बारकाव्यावरून ‘युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच’ असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक. फुटून निघालेल्या काही राज्यांनी आपल्या जाहीरनाम्यांत गुलामगिरीचे रक्षण हेच कारण लेखी दिले होते. महाराष्ट्रात या घटनेचा अर्थ कुणाला सर्वांत आधी नेमका कळला असेल तर महात्मा फुले यांना. 1873 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केला आहे.

आणखी एक समजूत: अमेरिकेत पहिल्यापासून सर्वांना मताधिकार होता. स्त्रियांना तो देशभर 1920 मध्ये मिळाला. कृष्णवर्णीय पुरुषांना कागदावर 1870 मध्ये मिळाला, पण दक्षिणेत प्रत्यक्षात वापरता येऊ लागला तो 1965 च्या कायद्यानंतर. भारतात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच, 1951-52 मध्ये, प्रौढ स्त्रीपुरुष सर्व मतदार होते.

क्रांत्यांच्या तारखा

14 जुलै 1789 रोजी पॅरिसच्या जमावाने बॅस्तिल फोडले तेव्हा आत हजारो राजकीय कैदी नव्हते. होते फक्त 7. जमावाला हवी होती दारू, बंदुकीची. ‘भाकरी नाही तर केक खा’ छापाचे वाक्य राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घातले जाते. रूसोने ते एका निनावी राजकन्येचे म्हणून लिहिले, तेव्हा मारी ऑस्ट्रियातली लहान मुलगी होती.

रशियाच्या बाबतीत ‘लेनिनने झारची सत्ता उलथवली’ हे उत्तर चुकते. झार निकोलस दुसरा याने मार्च 1917 मध्येच पदत्याग केला आणि तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये होता. बोल्शेविकांनी नंतर पाडले ते हंगामी सरकार. ‘ऑक्टोबर क्रांती’चा दिवस आजच्या पंचांगाने 7 नोव्हेंबर पडतो, कारण रशियात तेव्हा जुनी, 13 दिवस मागे चालणारी दिनदर्शिका होती. फेब्रुवारी क्रांती मार्चमध्ये का, याचेही उत्तर तेच.

दोन महायुद्धे आणि कल्याणची छावणी

पहिल्या महायुद्धातली लढाई 11 नोव्हेंबर 1918 च्या युद्धबंदीने थांबली. व्हर्सायचा तह 28 जून 1919 चा, युद्धाला निमित्त ठरलेल्या साराएव्होतल्या हत्येला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशीचा. राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी पुढे रेटली, म्हणून अमेरिका त्याची सदस्य असणार असे गृहीत धरले जाते. अमेरिकी सिनेटने तह मंजूर केला नाही आणि अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. पारतंत्र्यातला भारत मात्र मूळ सदस्य होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका पहिल्यापासून होती, हा समज चित्रपटांनी पक्का केला आहे. युरोपात युद्ध 1 सप्टेंबर 1939 ला सुरू झाले, चीन आणि जपान 1937 पासूनच लढत होते, आणि अमेरिका उतरली 7 डिसेंबर 1941 च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर. भारतीय सैनिक फक्त ब्रह्मदेशात लढले, हेही खरे नाही. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणींतल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतल्या लढायांसाठी. 14 एप्रिल 1944 चा मुंबई गोदीतला स्फोट जपानी हल्ला होता असे काहींना वाटते. तो ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र असताना लागलेल्या आगीने झाला.

या युद्धाची सर्वांत मोठी खूण डोंबिवलीच्या शेजारीच आहे. कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले, आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. नेवाळीच्या धावपट्टीची जमीनही युद्धकाळातच घेतलेली. ‘उल्हासनगर निर्वासितांसाठी मुद्दाम वसवलेले शहर’ असे लिहिताना आधीची छावणी गळते, आणि तिच्याबरोबर महायुद्ध व फाळणी यांना जोडणारा दुवाही.

शीतयुद्ध

बर्लिनची भिंत पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवर नव्हती. बर्लिन शहर पूर्व जर्मनीच्या पोटात होते आणि 13 ऑगस्ट 1961 पासून उभी राहिलेली भिंत पश्चिम बर्लिनला चहूबाजूंनी वेढत होती. अलिप्ततावादी चळवळ 1955 च्या बांडुंग परिषदेत स्थापन झाली असे लिहिले जाते. बांडुंग ही पूर्वतयारी, स्थापना बेलग्रेडला, 1961 मध्ये. क्युबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंग आणि चीनचे भारतावरील आक्रमण दोन्ही ऑक्टोबर 1962 चे. अनेकांच्या टिपणांत ही दोन पाने एकमेकांना भेटतच नाहीत.

भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला खुली झाली, सोव्हिएत संघ विसर्जित झाला डिसेंबर 1991 मध्ये. कालानुक्रम लावताना या दोन घटना एकाच वर्षात ढकलल्या जातात. त्याला जोडूनच, सोव्हिएत संघ फुटला म्हणून भारताने उदारीकरण स्वीकारले, असे उत्तर येते. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प 24 जुलै 1991 चा, म्हणजे विसर्जनाच्या पाच महिने आधीचा. तातडीचे कारण परकीय चलनाचा खडखडाट हे होते. आखाती युद्धाने महाग झालेले तेल आणि सोव्हिएत गटाशी आटलेला व्यापार यांनी तो वाढवला.