दुष्काळी मुलखात घडलेला हापसा

बिहारमध्ये 1966-67 साली दुष्काळ पडला आणि त्यानंतर युनिसेफने कठीण खडक फोडणारी बोअरयंत्रं भारतात आणली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या गावांनाही बोअरचाच आधार वाटू लागला. खोलवरचं पाणी सापडत होतं, पण ते वर आणणारे बिडाचे पंप टिकत नव्हते. त्यांची घडण युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठीची, एका कुटुंबापुरती. इथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हंडे-कळश्यांची रांग. खिळी झिजायची, दांडा मोडायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली, तेव्हा चारांतले तीन पंप बंद निघाले. पंपात चार पैसे वाचले खरे, पण त्याच्या कितीतरी पट खर्चून घेतलेली बोअर वाया जात होती.

यावरचा उपाय याच दुष्काळी पट्ट्यात आकाराला येत होता. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या पाणीप्रकल्पात आणि नंतर सोलापुरात बिडाऐवजी पोलादाचे पंप तयार झाले. अनेक खिळींची जोडणी जाऊन दांडा एकाच आसावर बेअरिंगवर फिरू लागला. आतला गज साखळीला टांगल्यामुळे सरळ वरखाली होऊ लागला.

सोलापूर पंपाचा हाच गाभा घेऊन 1975 ते 1977 दरम्यान ‘इंडिया मार्क टू’ घडला. कोइम्बतूर भागातल्या खोल बोअरवर त्याची कसून चाचणी झाली आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झालं. आराखडा कोणाच्या मालकीचा ठेवला नाही. मानक ठरलं, तपासणी बंधनकारक झाली आणि कुठल्याही कारखान्याचा सुटा भाग कुठल्याही गावच्या हापशाला बसू लागला. दशकभरात देशात असे दहा लाखांहून अधिक हापसे उभे राहिले. आफ्रिकेतही हा पंप गेला. युगांडात त्याचं नाव ‘यू टू’.

एक अडचण मात्र उरली. सिलिंडरमधला चामड्याचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप उपसावे लागत. तालुक्याहून गाडी आणि माणसं येईपर्यंत बायकांची पायपीट चालूच. म्हणून ऐंशीच्या दशकात ‘मार्क थ्री’ आला. त्याचे पाइप रुंद, त्यामुळे ते न काढताच वॉशरसकट दट्ट्या बाहेर येतो. किंमत जास्त, पण दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीच्या हातात आली. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात तर दुरुस्तीचे पाने बायकांनी हाती घेतले.

हापशाने सगळं निभावलं असं नाही. शेतीच्या बोअरवेलनी भूजल खाली नेलं, तसे कित्येक हापसे कोरडे पडले. कुठे पाण्यात फ्लोराइड निघालं. 2019 पासून जल जीवन मिशनने घरोघरी नळाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तिथे नुसते जोडलेले नळ मोजून भागणार नाही. सत्तरच्या दशकातही बसवलेल्या पंपांचा आकडा मोठाच होता. नळयोजनेची मोटार जळाल्यावर ती किती दिवसांत, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हातून चालू होते, यावरच गावाला ती योजना स्वस्त पडली की महाग, हे ठरेल.