सांडपाण्याची वाट (भाग ४) : नालीच्या शेवटी एक बोडी

मागच्या आठवड्यात नळाने घरात येणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला होता. तेच पाणी मोरीतून बाहेर पडलं की जातं कुठे? दहा हजार वस्तीचं गाव धरा. भुयारी गटार नसलेल्या गावात माणशी रोज ७० लिटर पाणी धरायची सरकारी रीत आहे. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन निघतं, म्हणजे रोज ५ लाख ६० हजार लिटर. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यासारख्या गावात नाल्यांचा उतार शेवटी सती नदीकडेच; तिथून पुढे वैनगंगा.

धुण्याभांड्यांच्या पाण्याचं फारसं भय नाही. खरी गोम संडासाच्या टाकीत आहे. टाकीत जड मळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यात सरकतं. ते दिसायला निवळ, पण रोगजंतू त्यात तसेच. म्हणून ते शोषखड्ड्यात जिरायला हवं. जागा नाही म्हणून पुष्कळ घरी पाइप थेट नालीत सोडलेला असतो. त्यात एकदा बांधलेल्या टाकीचं झाकण नातवंडं शाळेत जायला लागली तरी उघडत नाही. गाळ चढतो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला आला तसा नालीत उतरतो.

साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकमधल्या सिन्नरने यावर साधी तोड काढली. टाकी तुंबो न तुंबो, दर ३ वर्षांनी पाळीपाळीने नगरपरिषदेची उपसा गाडी दारात येते. गाळ शुद्धीकरण केंद्रात जातो, नाल्यात नाही. मला विचाराल तर कुरखेड्यानेही सुरुवात इथूनच करावी.

मग शोषखड्डे? नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी ते खणून डास हटवले, ते नावाजलंही गेलं. पण आपला मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांध्या भरलेल्या, भूजल वर आलेलं. सखल भागात तेव्हा खड्डा जिरवण्याऐवजी उलट भरून येतो. उंचावरच्या मुरमाड जागी मात्र तो जरूर खणावा.

उरलेल्या नालीच्या पाण्यासाठी यंत्राचं केंद्र सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यात पंख्याने सतत हवा फुंकावी लागते. वादळात तारा तुटून वीज गेली की आतले जिवाणू गुदमरतात, आणि विजेचं बिल दर महिन्याला येतच राहतं. त्यापेक्षा बोडी बरी. दीड मीटर खोल तळ्यात सांडपाणी दहा दिवस मुक्कामाला ठेवायचं. उन्हात शेवाळ वाढतं, ते दिवसा प्राणवायू सोडतं, त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. ऊन आणि मुक्काम यांनी रोगजंतूही पुष्कळ घटतात. वरच्या हिशेबाला पाण्याखाली जेमतेम एकरभर जागा लागते, बांध वेगळे. एकाच मोठ्या तळ्यापेक्षा ओळीने तीन लहान तळी चांगली, कारण एकातलं पाणी कच्चंच सुटून नदीला मिळायची भीती कमी होते.

बोडी बांधणं या भागाला शिकवावं लागत नाही. मालगुजारी तलावांचा हा मुलूख. अडचण पुढची आहे. काठचं गवत काढायचं, जलकुंभी पसरू द्यायची नाही, काही वर्षांनी तळाचा गाळ उपसायचा. गप्पी मासे सोडले तरी गवत माजलेल्या काठाला डास होणारच. हे काम कुणाच्या नावावर लिहायचं आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून काढायचा, ते ठरल्याशिवाय कुदळ मारू नये. तो जमाखर्च पुढच्या आठवड्यात.