महाग बॅटीने धावा वाढतात का?

ऑक्टोबर 2013. वडोदऱ्यात सांगलीच्या स्मृती मानधनाने महाराष्ट्राच्या 19 वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध 150 चेंडूंत नाबाद 224 धावा कुटल्या. हातात कोरी करकरीत बॅट नव्हती. राहुल द्रविडने तिच्या भावाला भेट दिलेली, नंतर दुरुस्त करून घेतलेली बॅट होती. तिचा तोल स्मृतीला आवडला होता.

सातारा-सांगलीतल्या पालकांनी दुकानात हाच तोल आधी पाहावा. काश्मिरी विलो लाकडाची बॅट दीड-दोन हजारांत मिळते, इंग्लिश विलोची किंमत चाळीस हजारांपुढेही जाते. लेदर बॉलवर इंग्लिश विलो खरोखर सरस: लाकूड हलकं, मऊ, चेंडू उसळी घेऊन सुटतो. तिथवर पैसे वसूल. त्यापुढे मात्र दर बराचसा दिसण्याचा असतो. सरळ, दाट रेषा आणि डागविरहित पांढरं पातं म्हणजे ग्रेड वन. पण लाकडावरचा तपकिरी पट्टा फटका कमजोर करत नाही.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांसाठी तर इंग्लिश विलो घेऊच नये. तिथे काश्मिरी विलो पुरते. आणि वाढत्या वयाच्या मुलाला दोन वर्षांत मोठं माप लागतंच. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्यावं.