न्हाणीघरातील ओल : कारणे आणि उपाय



श्रावणात कपाटातून पुस्तक काढावे आणि त्याच्या पुठ्ठ्यावर बुरशी दिसावी, हा अनुभव मुंबई-कोकणातील पुष्कळ घरांना आहे. जागा अपुरी असल्याने पुस्तकांची मांडणी बहुधा न्हाणीघराच्या भिंतीलाच टेकलेली असते. पोटाला चिमटा घेऊन ज्या समाजाने पुस्तके विकत घेतली, त्याच्या घरात ती ओलीने कुजावीत हे योग्य नव्हे. बुरशीने दमेकऱ्यांचा आणि लहान मुलांचा खोकला वाढतो. शिवाय ओल स्लॅबमधील सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, फुगते आणि खालच्या घरात छताचे पोपडे पडतात. म्हणून न्हाणीघराची दुरुस्ती हा हौसेचा विषय नसून आरोग्याचा व शेजारधर्माचा विषय आहे.

हा विषय धम्माला परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात स्नानगृहाविषयी सविस्तर नियम आहेत. वैशाली येथे वैद्य जीवकाच्या विनंतीवरून भगवान बुद्धांनी भिक्खूंना उष्ण स्नानगृहाची अनुज्ञा दिली. तेथे चिखल होऊ लागला तेव्हा विटा, दगड किंवा लाकूड यांची फरसबंदी सांगितली. पाणी साचू लागले तेव्हा ते वाहून जाण्याची वाट करण्यास सांगितले. धूर बाहेर जावा म्हणून धुराडेही सांगितले. पक्की जमीन, पाण्याला वाट आणि हवेला वाट. आजच्या न्हाणीघरालाही हीच तीन सूत्रे लागू पडतात.

कार्य दिसले की आधी कारण शोधावे, ही आपली शिकवण. ओलीची मुख्य कारणे दोन. पहिले पाझर : फुटका पाइप, लाद्यांचे उघडे सांधे किंवा नहाणी ट्रॅपभोवतीची फट यांतून पाणी भिंतीत मुरते. दुसरे बाष्प : गरम पाण्याची वाफ थंड भिंतीवर थेंब होऊन बसते. कारण ओळखण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनाही करता येईल. ओल दिसते तेथील भिंत फडक्याने कोरडी पुसून प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा व एक-दोन दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या मागच्या बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. पुढच्या बाजूस जमले तर ती खोलीतील हवेतून आली आहे. दोन्ही बाजूंस जमले तर दोन्ही उपाय करावे लागतील.

पाझर असेल तर वरून रंग मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. जुन्या लाद्या काढून पाइप तपासावेत. नंतर जमिनीवर वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा आणि तो भिंतीवर किमान फूटभर वर चढवावा. अंघोळीचे पाणी उडते त्या भिंतीवर तो माणसाच्या उंचीपर्यंत न्यावा. कोपरे व ट्रॅपचा गळा ही सर्वांत नाजूक ठिकाणे. तेथे गवंड्याजवळ उभे राहून काम करून घ्यावे. लाद्या बसविण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरून किमान चोवीस तास ठेवावे आणि खालच्या घराचे छत पाहावे. ही चाचणी टाळण्याची घाई पुढे फार महाग पडते. लाद्या बसविताना मीटरला सुमारे एक ते दीड सेंटिमीटर उतार ट्रॅपकडे द्यावा. लाद्या खडबडीत असाव्यात, म्हणजे वृद्धांचे पाय घसरणार नाहीत.

बाष्प असेल तर हवेला वाट करावी. वाफ वर चढते, म्हणून झडपांची खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन छताजवळ हवा आणि आत हवा येण्यासाठी दाराखाली बोटभर फट हवी. आत येणारी हवा नसेल तर पंखा नुसताच फिरतो. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असली तरी अंघोळीनंतरच्या कोंदट वाफेपेक्षा ती बरी. म्हणून अंघोळीनंतरही पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. भिंती व जमीन वायपरने पुसून घ्याव्यात. ओले कपडे न्हाणीघरात वाळत घालू नयेत. पुस्तकांचे कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवावे.

दोन धोक्यांची सूचना आवश्यक वाटते. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होऊन दगावतो. दुसरे, बुरशी घालविण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरताना तिच्यात ॲसिड मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

वरच्या मजल्यावरची जमीन हेच खालच्या मजल्याचे छत असते. 'माझ्या घरात तर ओल नाही' असे म्हणून वरच्याने हात झटकले की भांडण सुरू होते, आणि तोवर सळई गंजतच राहते. दोन्ही घरांनी मिळून कारण शोधावे, पावसाळ्यापूर्वीच दुरुस्ती करावी. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 1927 साली महाडला ज्यांना संघर्ष करावा लागला, त्यांचे आपण वारस आहोत. पाणी घरात आले. आता ते योग्य वाटेने घराबाहेर जाईल एवढी दक्षता आपण घेऊ या.

जयभीम !