शाळा किती लांब? चालत, सायकलवर की एसटीनं, हे ठरतं कसं?

विष्णुपुरी म्हटलं की गोदावरीवरचं धरण, विद्यापीठ, इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेज आठवतं. राज्यभरातली मुलं इथे शिकायला येतात. पण नांदेड-लातूर रस्त्यावरच्या अशा गावांतली शाळकरी मुलं रोज शाळेत कशी पोचतात? त्याचं उत्तर बरंचसं अंतरावर ठरतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या महाराष्ट्रातल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. 1 किलोमीटर म्हणजे लहान मुलाची पंधरा-वीस मिनिटांची चाल. एवढ्या अंतरात शाळा नसेल, तर मोफत वाहतुकीसारखी सोय करणं सरकारचं काम आहे. त्यासाठी समग्र शिक्षा योजनेत एका मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. वाडी-तांड्यावर राहत असाल तर हा आकडा लक्षात ठेवा आणि मुख्याध्यापकांना विचारा.

खरी गोची नववीपासून सुरू होते. हा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच. पुढे हायस्कूल 5 किलोमीटरवर असो की 12, अंतराची हमी संपते. आणि नेमकं याच वयात ‘एवढ्या लांब एकटी कशी पाठवायची?’ असं म्हणत मुलीची शाळा थांबते.

ही फट भरायला काही योजना आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांना सवलत 66.67 टक्के, म्हणजे तिकिटाचा साधारण एक तृतीयांश खर्च घरच्यांचा. मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत मुलींसाठी खास निळ्या बस धावतात. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी 5,000 रुपये मिळतात. नांदेड जिल्ह्यातले काही तालुकेही त्यात आहेत.

पण पास हातात असून बस वेळेवर नसेल तर? शाळा पाचला सुटली आणि गाडी साडेसहाला आली, की अंधारात घरी पोचायचं. मग पालक महिन्याचे पैसे मोजून ऑटो लावतात, नाहीतर मुलगी घरी बसते. बसची वेळ बदलून हवी असेल तर शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे लेखी मागणी करावी. अर्जात शाळा सुटायची वेळ आणि त्या मार्गावरच्या पासधारक मुलींची संख्या जरूर लिहा.