माँटिसेलो : घर नेमके कोणाचे?
व्हर्जिनियातील माँटिसेलो हे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे घर १९२३पासून विश्वस्त संस्थेकडे आहे. १९८७मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. समतेची ग्वाही देणारा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यात सहाशेहून अधिक जणांना गुलामीत ठेवले. इथल्या ‘मलबेरी रो’ या कार्यशाळांच्या रस्त्यावर दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले भट्टीपाशी हातोड्याने खिळे घडवत. जेफरसन यांच्या मृत्यूनंतर १८२७मध्ये १३० जणांचा लिलाव झाला. हे सारे या घराच्या संग्रहालयात मांडल्याने थोर पुरुषाची बदनामी होते, असा आक्षेप घेतला जातो. पण कोणत्या मुलाने किती खिळे घडवले, किती लोखंड वाया घालवले, हा हिशेब जेफरसन यांनीच वहीत लिहून ठेवला आहे. पुरावा घरधन्याच्याच हातचा आहे. तो झाकणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा.