जुना संगणक आणि पडद्याचे चित्रमुद्रण

संगणकाच्या पडद्यावर चाललेले काम जसेच्या तसे टिपून त्याचा व्हिडिओ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘स्क्रीन रेकॉर्डर’ म्हणतात. गणिताचा धडा असो, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदी असोत किंवा सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज भरण्याची रीत असो, ती दुसऱ्याला दाखवून देण्यासाठी हे साधन आता सर्रास वापरले जाते. नव्या संगणकावर कोणताही स्क्रीन रेकॉर्डर घेतला तरी फारसे बिघडत नाही. परंतु बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, ड्युअल कोअर प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेल्या संगणकावर तोच चालू करताच माऊस अडखळतो, चित्र तुटक होते आणि आवाज चित्राच्या पुढे धावू लागतो. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारून दुसरे उतरवून घेतले जाते, मग तिसरे. वास्तविक जुन्या यंत्राच्या बाबतीत सोयींची यादी दुय्यम असते. चित्रमुद्रण चालू असताना कोणते काम करायचे, कोणते मागाहून उरकायचे आणि त्याचा भार यंत्राच्या कोणत्या भागावर टाकायचा, हे आधी ठरले की सॉफ्टवेअरची निवड बरीचशी आपोआप होते.

हा भार किती असतो ते एका हिशेबावरून कळते. त्या काळातील बहुतेक लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपक्यांचा असे. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला संगणक साधारणतः ४ बाइट देतो, त्यामुळे पडद्याचे एक चित्र, म्हणजेच एक ‘फ्रेम’, ४२ लाख बाइटांच्या घरात जाते. सेकंदाला ३० फ्रेम टिपायच्या म्हटल्या तर दर सेकंदाला सुमारे १२६ मेगाबाइट, आणि एका मिनिटाला साडेसात जीबी माहिती तयार होते. जुन्या लॅपटॉपची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क इतक्या वेगाने सलग लिहू शकत नाही, आणि लिहू शकली तरी ती पाहता पाहता भरून जाईल. म्हणूनच माहिती टिपता टिपता तिचे संकोचन करावे लागते. हे काम करणाऱ्या घटकाला ‘एन्कोडर’ म्हणतात. आधीच्या फ्रेमपेक्षा नव्या फ्रेममध्ये काय बदलले ते शोधून मुख्यतः तेवढेच साठवणे, ही त्याची मूळ युक्ती असते; आणि हे शोधणे हेच प्रोसेसरच्या दृष्टीने सर्वांत कष्टाचे असते.

आज सर्वाधिक प्रचलित असलेली संकोचनपद्धती एच.२६४ ही २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिचा एक्स२६४ नावाचा मुक्त एन्कोडर अनेक स्क्रीन रेकॉर्डरांच्या पोटात असतो. त्याला किती बारकाईने शोध घ्यायचा हे सांगता येते. ‘अल्ट्राफास्ट’ ही पायरी निवडल्यास तो वरवर पाहतो आणि फाइल मोठी करतो, तर ‘स्लो’कडे जावे तसा तो अधिक राबतो आणि फाइल लहान करतो. जुन्या संगणकावर अल्ट्राफास्ट किंवा त्याच्या लगतची पायरी घ्यावी, कारण मोठी फाइल नंतर सवडीने लहान करता येते. निसटलेली फ्रेम मात्र परत मिळत नाही.

काही संगणकांत हे काम प्रोसेसरच्या मुख्य भागाऐवजी त्यासाठीच घडवलेल्या स्वतंत्र मंडलाकडे सोपवता येते. इंटेलने ‘क्विक सिंक’ या नावाने अशी सोय २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांपासून दिली, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती २०१२ पासून आली. त्यामुळे आय३-२१०० किंवा आय५-२४०० यांसारखा दोन हजारांच्या मालिकेतील क्रमांक असलेला प्रोसेसर जुना असला तरी या कामी अगदीच लंगडा नसतो, तर कोअर टू ड्युओ असलेल्या संगणकात सारा भार प्रोसेसरनेच वाहावा लागतो. सॉफ्टवेअरची जाहिरात वाचण्यापूर्वी हा क्रमांक वाचणे अधिक उपयोगाचे आहे.

या क्षेत्रात सर्वाधिक सुचवले जाणारे नाव ‘ओबीएस स्टुडिओ’ हे आहे. ते विनामूल्य आणि मुक्त आहे, त्यावर वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. परंतु ते मुळात थेट प्रक्षेपणासाठी घडलेले असल्यामुळे अनेक चित्रस्रोत एकत्र रचण्याचे काम ते सतत ग्राफिक्स चिपकडून करून घेते, आणि फार जुन्या चिपला तेच झेपत नाही. शिवाय २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून त्याने विंडोज ७ आणि विंडोज ८ यांचा आधार सोडला. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती २७.२.४ ही होय. तरीही निदानाचे साधन म्हणून ओबीएसला तोड नाही. त्याच्या आकडेवारीच्या खिडकीत निसटलेल्या फ्रेम दोन वेगळ्या ओळींत मोजल्या जातात: चित्र रचताना मागे पडल्यामुळे निसटलेल्या आणि एन्कोडर मागे पडल्यामुळे गाळलेल्या. पहिला आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स चिप थकली आहे, दुसरा वाढत असेल तर एन्कोडरची पायरी हलकी करायला हवी, हे पाच मिनिटांच्या चाचणीत स्पष्ट होते.

विंडोज ७ वर आणखी एक अडचण असते. तिच्या पारदर्शक खिडक्यांची ‘एअरो’ ही सजावट चालू असताना पडदा टिपणे लक्षणीयरीत्या मंदावते, म्हणून चित्रमुद्रणापुरती ती बंद करून साधा ‘बेसिक’ देखावा निवडावा. विंडोज ८ पासून पडदा टिपण्याची नवी, वेगवान पद्धत प्रणालीतच आली. विंडोज १० मधील ‘गेम बार’ फुकट आणि हाताशी असतो, पण तो एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी टिपतो. रिकामा डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्याला टिपता येत नाही, आणि एन्कोडरची स्वतंत्र सोय नसलेल्या यंत्रावर तो नकार देतो. बँडिकॅमसारख्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची विनामूल्य प्रत १० मिनिटांवर थांबते व वर आपली मुद्रा उमटवते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला सुरक्षा-सुधारणा देणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले असल्यामुळे अशा संगणकावर अनोळखी ठिकाणाहून सॉफ्टवेअर आणून बसवणे हा जुगारच ठरतो.

जुन्या यंत्रावर लिनक्स असल्यास परिस्थिती पुष्कळ सुसह्य होते. ‘रेकॉर्डमायडेस्कटॉप’ या जुन्या सॉफ्टवेअरची रीत येथे उद्बोधक आहे: चालू चित्रमुद्रणात ते संकोचनाच्या फंदात पडत नाही, पडद्याचा बदललेला भाग टिपून कच्ची माहिती डिस्कवर ठेवते आणि ‘थांबा’ म्हटल्यावर सावकाश एन्कोड करीत बसते. प्रोसेसर दुबळा आणि डिस्क बरी असेल तर ही रीत शहाणपणाची आहे. ‘सिंपलस्क्रीनरेकॉर्डर’ अधिक नीटनेटके असून त्यात फ्रेमचा वेग आणि एन्कोडरची पायरी सहज बदलता येते. मात्र लिनक्सवर पडदा हाताळणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी ही दोन्ही साधने एक्स११ या जुन्या व्यवस्थेसाठी आहेत, वेलँड या नव्या व्यवस्थेसाठी नाहीत.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, फ्रेमचा वेग हा सर्वांत मोठा लाभ देणारा घटक होय. अर्ज भरणे, तक्ता तयार करणे अशा कामांना सेकंदाला १० ते १५ फ्रेम पुरतात आणि भार निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. चित्राचा आकार कमी करताना मात्र सावध राहावे. १३६६ ठिपक्यांचे चित्र सॉफ्टवेअरकडून १२८० वर आणल्यास प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांत थोडा मिसळतो आणि अक्षरे, विशेषतः देवनागरीतील मात्रा व रफार, धुरकट होतात. त्याऐवजी शक्य तेथे पडदाच १२८० बाय ७२० वर ठेवून तोच टिपावा. फाइल एमकेव्ही प्रकारात साठवावी. नेहमीच्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर तासाभराचे काम उघडतच नाही. एमकेव्ही फाइल तोपर्यंतच्या भागासह बहुधा शाबूत राहते. बाह्य डिस्क एफएटी३२ पद्धतीची असल्यास तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हेही आधीच पाहिलेले बरे.

आवाज त्याच वेळी मुद्रित केलाच पाहिजे असेही नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील सुमारे १० मिनिटांचे धडे आधी संहिता लिहून तयार होतात, आणि पडद्याचे चित्र तेच ठेवून त्यावरील निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत नव्याने दिले जाते. घरच्या जुन्या संगणकालाही ही विभागणी मानवते: आधी मूक चित्र, मग आवाज.

पुष्कळदा तर व्हिडिओची गरजच नसते. विंडोज ७ पासून ‘स्टेप्स रेकॉर्डर’ नावाचे साधन प्रणालीसोबतच येत गेले. ‘रन’च्या चौकटीत पी, एस, आर ही तीन रोमन अक्षरे टाकली की ते उघडते. प्रत्येक क्लिकसरशी ते पडद्याचे एक स्थिरचित्र घेते, कोणत्या बटनावर क्लिक झाले याची ओळ त्यासोबत जोडते आणि शेवटी सारे एका झिप फाइलमध्ये बांधून देते. टंकलेला मजकूर ते नोंदवत नाही, पण पडद्यावर दिसणारा मजकूर, म्हणजे खातेक्रमांकही, चित्रात येतोच, आणि मूळ मांडणीत ते शेवटची २५ चित्रेच राखते. त्याहून लांब कृती दाखवायची असेल तर हा आकडा सुरुवातीलाच वाढवून घ्यावा लागतो.